कारन विचारायचं नाय

दाढी केली नसली तर शेट त्या दिवशी एक पन पार्सल बाहेर जाऊ द्यायचे नायत. ऑर्डर कितीपन असू दे, कुरियरवाला दारात उभा राहून घड्याळ दाखवू दे. पयला तांब्या, मंग खिडकीतला आरसा, मंग दाढी. गाल गुळगुळीत झाला का दुपटं उचलायचं आनि गालावर फिरवायचं. डाव्या, मंग उजव्या. डोळे मिटून. कुठं टाक्याची गाठ लागली का दुपटं माज्या मांडीवर परत.

"मावशी, हे टोचतंय."

मी बोलायची, "शेट, पोरगं काय गालानं निजनार हाय?"

"त्याला टोचलं तर ते सांगू शकत नाही. म्हणून मला बघावं लागतं."

माज्यापेक्षा पाच-सा वर्सांनी मोठे व्हते, तरी मला मावशी बोलायचे, कारन सगळी बिल्डिंगच मला मावशी बोलायची. त्यांना शेट म्हटलेलं आवडायचं नाय. "शेट पैसे घेतो मावशी. मी तर परत देत बसलोय." पन माज्या तोंडात बसलेलं काय निघालं नाय.

सुकापूरला एका बिल्डिंगच्या खाली त्यांचा गाळा व्हता. एक शटर, एक टेबल, टेबलावर कंपूटर. त्यावर शेट एका बोटानं लिहायचे, जसं कोंबडी दाना टिपते तसं. आमी तान्ह्या पोरांची दुपटी इकायचो. माल इथं, गिऱ्हाईक कुठं नागपूर, कुठं इंदूर. कोनी कोनाचं तोंड बघितलं नाय. आधी पंचवीस वर्सं शेट न्हावा शेव्याकडं एका कंटेनर यार्डात कारकून व्हते. बाहेरदेशी गेलेला माल परत आला का कशापायी परत आला ते रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम.

मी मिठागरातली. सासर-माहेर दोन्ही मिठाचं. आता तिथं सात-सात माळ्यांच्या बिल्डिंगी झाल्यात. मालकानं इकलं, आमी तर मजूर, आमाला कोन विचारनार. त्याच्यानंतर दोन वर्सांत माजा घरवाला पन गेला, तो भाताच्या पेजेवरच गेला, दवाखाना काय झाला नाय. मी बिल्डिंगीत धुनी-भांडी धरली. मिठानं हाताला भेगा पडल्यात त्या अजून हायत. मऊ कापड कुठलं ते मला बघावं लागत नाय. भेगेत धागा अडकला नाय का समजायचं.

एक दिस दुपारी जिन्यात बसून मी शेजारनीच्या पोरीसाठी दुपटं शिवत व्हते. शेट वर चालले व्हते, थांबले.

"किती घेणार याचे?"

"हे इकायचं नसतं शेट. हे द्यायचं असतं."

"मग ज्यांना देणारं कोणी नाही, त्यांनी काय करायचं?"

दुसऱ्या म्हयन्यापासून मी गाळ्यात बसाय लागले.

आमच्याकडं पोराला पयलं कापड नवं घालत नायत. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचंच दुपटं करतात. आनि लुगडं पन कोनाचंपन चालत नाय. जिची सगळी पोरं जगली, अशाच बाईचं लागतं. तिचं नशीब कापडात उतरतं, असं माजी आय सांगायची. शेटनी हे ऐकून घेतलं आनि चिठी छापून आनली. मला वाचता येत नाय, पन ती चिठी मला पाठ झाली व्हती, कारन पाकिटात घालताना ते दर खेपेला मोठ्यानं वाचायचे.

"ज्या बाईच्या साडीचं हे दुपटं आहे तिची सगळी मुलं सुखरूप आहेत. आवडलं नाही तर तीस दिवसांत पैसे परत."

पयल्या खेपेला जेवढी गेली तेवढी परत आली. सगळी. लोकांनी फोटो काढून धाडले, कुठं साडीचा रंग गेलेला, कुठं ठिगळ. "जुनं वापरलेलं कापड देऊन फसवलं." मी तर घाबरून गेले. शेटनी एकेकाचे पैसे परत धाडले. मंग मी बोलले, "बाजारातून नवं कापड आनू या ना."

"नाही. जे सांगितलंय तेच द्यायचं. आपली चूक एवढीच, की जुनं आहे ते आधी सांगितलं नाही. आपल्याला वाटलं सगळ्या जगाला माहीत आहे." मंग कंपूटरवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, हे जुनं आहे, जुनं आहे म्हणूनच मऊ आहे.

काही लोक पैसे परत घ्यायचे आनि दुपटं पन ठेवायचे. एकानं तर तीनदा तसं केलं. मी बोलले, "शेट, हा तुमाला येडा बनवतो."

"बनवू दे. पोरगं उबेत आहे ना त्याचं?"

साड्या गोळा करायचं काम माजं. गावात घरोघर जायचं आनि दारातच विचारायचं, बाय, तुजी सगळी पोरं जगली ना? तोंडावर असं विचारायला मला पन बरं वाटायचं नाय, पन चिठीत लिहिलेलं व्हतं ना. बायका हसायच्या. "आता साडीला पन दाखला लागतो काय गं?" "माजी पाच हायत, पाचीच्या पाची माज्या उरावर बसल्यात, घेऊन जा एकाला!" माजी जाऊ साडी घडी करून, हातात घेऊनच उभी व्हती. मी तिला विचारलं नाय. तिची एक पोर गेलेली मला ठावं व्हतं. तिनं माज्याकडं बघितलं आनि साडी घेऊन आत गेली. त्याच्यानंतर तिच्या दारावरून जाताना मी खाली बघून जायची.

आनि माजं काय, तर माजं मला कोनी विचारलंच नाय. शिवनाऱ्या बाईला कोन विचारतं.

शेटना दुकानातल्या पाट्यांचा राग व्हता. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी दिसली का झालं. घ्यायचं काय नसलं तरी आत शिरायचे. पनवेलच्या बाजारात एकदा मी सुया-दोरा घ्यायला बरोबर व्हते. शेट भांड्याच्या दुकानात घुसले आनि बोट वर करून विचारलं, "हे कोणी ठरवलं?"

दुकानवाला बोलला, "काका, दुकान घेतलं तवा बोर्ड लागलेलाच होता."

"मग उतरवा."

"उतरवला तर भिंतीला भोक दिसेल हो."

मी पदर तोंडाला लावून हसले. शेट हसले नायत. घरी येताना रिक्षात बोलले, "मावशी, तुम्हाला वाटतं मी भांडखोर आहे." मंग त्यांनी आपसूक सांगितलं.

बायको दोन वर्सं अंथरुनाला व्हती. पाठीला जखमा झालेल्या. डॉक्टर बोलले, हवेची गादी आना. शेटनी आनली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेली, गादीचा खोका उघडला पन नव्हता. तेरावं झाल्यावर ते खोका घेऊन त्या दुकानात गेले. दुकानवाला बोलला, काय झालं, खराब निघाली? नाय. मंग काय? शेटच्या मागं चार गिऱ्हाईकं उभी. शेट हळू बोलले. त्याला ऐकू गेलं नाय. त्यानं परत विचारलं, काय? तवा शेटना मोठ्यानं सांगावं लागलं. मंग त्या मानसानं वर पाटीकडं बोट केलं.

"मी पैशासाठी गेलो नव्हतो मावशी. ती गादी घरात नको होती. पायरीवर ठेवून आलो."

तुमाला वाटेल हा मानूस शहाना, दुसऱ्याच्या दुखन्यावर बोट ठेवनार नाय. पन त्यांनी पन ठेवलं. धंदा सुरू होऊन थोडे म्हयने झाले आनि एक दुपटं परत आलं. शेटना यार्डातली खोड, कारन लिहिल्याबिगर चैन पडायची नाय. त्यांनी फोन लावला. मी समोरच दोरा ओवत व्हते. "साहेब, काय आवडलं नाही आपल्याला? शिवण? रंग? मोकळेपणानं सांगा." तिकडून काय आलं नाय. शेट हसून परत बोलले, "सांगा ना, आम्हाला सुधारता येईल." मंग तिकडचा मानूस काय तरी बोलला. शेट नुसते "बरं" बोलले. फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला.

"बाळ राहिलं नाही म्हणाला."

सुई माज्या हातातच राहिली.

"दोनदा विचारलं मी," शेट बोलले. "त्या गादीवाल्यासारखंच. दोनदा."

दुसऱ्या दिवशी नवी चिठी आली. खाली एक ओळ वाढली. "कारण सांगायची गरज नाही." आनि एक पत्र्याची ट्रंक आली. परत आलेलं दुपटं त्याच्यात जायचं, परत कधी कोनाला इकायचं नाय. मी बोलले, "शेट, त्यातलं एकादं रंगापायी आलेलं असंल. एवढी चांगली दुपटी."

"कुठलं कशासाठी आलं ते आपल्याला माहीत नाही. म्हणून सगळीच ठेवायची."

असा धंदा कोन करतं? त्यांचा पुतन्या यायचा, तो कपाळाला हात लावायचा. पन माजी पगाराची तारीख कधी चुकली नाय.

आता माजं सांगते. ते सांगितल्याबिगर शेट काय व्हते ते समजनार नाय.

एका गौरीच्या वेळेला साड्या संपल्या. गावात कोन सना-सुदीत जुनं कापड काढून देतं? आनि एक ऑर्डर अडलेली. माजी एक निळी सुती साडी व्हती. वीस-बावीस वर्सं धुतलेली, हातात घेतली तर पान्यासारखी. ती मी कापली.

मला तीन झालेली. दोन हायत. मधला मिठागरावरच्या झोपडीत झाला, हंगामाच्या भरात, आनि नवव्या दिवशी गेला. बारसं झालं नव्हतं म्हनून नाव नाय. मी अकराव्या दिवशी परत मीठ ओढायला गेले, मुकादम थांबत नाय. ही गोष्ट मी कोनाला सांगत नाय, सांगून करायचं काय.

शेटनी दाढी केली. दुपटं गालाला लावलं. डाव्या, मंग उजव्या, मंग परत डाव्या. लय वेळ तसंच धरून बसले.

"मावशी, आजपर्यंतचं सगळ्यात मऊ आहे हे. कोणाची साडी?"

"हाय एकीची," मी बोलले.

मंग त्यांनी चिठी मोठ्यानं वाचली आनि पाकिटात घातली. मी खाली बघून दोरा तोडला.

सोळाव्या दिवशी ते परत आलं. माजी घडी मला ओळखू येते. घडी मोडलेलीच नव्हती. पोराच्या अंगाला लागलंच नव्हतं ते.

दोन दिस मी कामाला गेले नाय. तिसऱ्या दिवशी गेले आनि दारातच बोलले, "शेट, त्या निळ्या दुपट्याच्या लोकांना फोन लावा. कशापायी परत धाडलं, विचारा."

"विचारायचं नाही. लिहिलंय आपण."

"एकडाव विचारा. माज्यासाठी."

"काय झालंय मावशी?"

मंग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. साडी माजी, माजा मधला गेलेला, चिठीत तुमी लिहिता ते खोटं झालं, मीच केलं. पगार कापा, कामावरून काढा, पन त्यांना विचारा, पोर हाय का नाय.

शेटनी कंपूटर बंद केला. मंग बोलले, "नाव काय होतं त्याचं?"

"नाव ठेवलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता बोलतील, मावशी तुमच्या साडीनं काय झालं नाय. कोनीपन तेच बोललं असतं. माजे कान त्याच्यासाठीच थांबलेले.

"मला माहीत नाही मावशी," शेट बोलले. "रंग आवडला नसेल. पोरगं लवकर मोठं झालं असेल. किंवा नसेलही. मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. तुमच्यासाठीही नाही."

तवा मला राग आला. लय आला. मंग ध्यानात आलं, हा मानूस मला पन खोटी गॅरंटी देत नव्हता.

त्यांनी टेबलाखालचा चिठ्यांचा गठ्ठा काढला. पयल्या ओळीवर पेनानं रेघ मारली. मंग दुसऱ्या चिठीवर, मंग तिसऱ्या. मी बोलले, "बाकीच्या बायकांचं तर खरं हाय."

"तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, पोरं जगली का. किती जणींनी खरं सांगितलं असेल? तुम्ही तरी सांगितलं असतं?"

मी पुढची चिठी त्यांच्याकडं सरकवली.

मंग त्यांनी जे केलं त्याला लोक येडेपना बोलले. आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी दुपटं घेतलं त्या सगळ्यांना एका बोटानं लिहून कळवलं, का पयली ओळ आमाला ठामपनी सांगता येत नाय, आमी लिहायला नको व्हती. तीस दिस होऊन गेले असले तरी परत धाडा, पैसे देऊ. पुतन्या आला आनि ओरडला, "काका, कोणी मागितलं होतं का तुमच्याकडे?" शेट बोलले, "मागायची वाट बघायची असते का?"

अकरा दुपटी परत आली. ट्रंक भरली. एका बाईनं नुसतं लिहून धाडलं. ते शेटनी मला वाचून दाखवलं. "माझंही पहिलं गेलं. दुपटं राहू दे." ते त्यांनी परत एकदा वाचलं आनि चहा ठेवायला उठले. साखर टाकायची विसरले. आमी तसाच प्यायलो.

नव्या चिठीवर एवढंच व्हतं, का हे एका आईच्या साडीचं आहे. तीस दिवस. कारण सांगायची गरज नाही.

गावात ही गोष्ट पसरली. एक दिस जाऊ गाळ्याच्या दारात आली, काखेत तीच साडी.

"आता चालते काय गं माजी?"

"आन इकडं," मी बोलले. ती बसली, दोरा ओवून दिला, तिला माज्यापेक्षा बरं दिसतं.

असं तीन वर्सं चाललं. मंग शेटच्या पोटात दुखाय लागलं. दवाखान्यात ठेवलं तवा गाळ्यात नऊ दुपटी तयार व्हती. मी भेटाय गेले तर बघते काय, दाढी वाढलेली. पांढरी, खुंटासारखी. त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. मी ओळखलं का आता पार्सल बंद.

"नऊ राहिलीत ना?" ते बोलले.

"राहू द्या. तुमी बरे व्हा."

"त्या नऊ घरांत पोरं माझ्यासाठी थांबणारेत का? न्हाव्याला बोलवा."

नर्स बोलली, इथं नाय चालनार. शेट तिला बोलले, "ताई, माझी दाढी नाही, माझं मीटर आहे ते." ती हसली आनि पडदा ओढून दिला. न्हाव्यानं दाढी केली. मी पिशवीतून एक एक दुपटं काढून द्यायची. त्यांचा हात उचलत नव्हता, मंग मीच त्यांच्या गालावर फिरवलं. डाव्या, मंग उजव्या. डोळे मिटलेले. आठ झाली. नवव्याला बोलले, "कोपऱ्यात टोचतंय." मी बोटानं बघितलं, खरंच गाठ व्हती. मला लाज वाटली.

"ते राहू दे. त्यांना पैसे परत," शेट बोलले. "आठ पाठवा."

मी आठ धाडली. चौथ्या दिवशी शेट गेले.

दहावं झाल्यावर पुतन्या गाळ्याची चावी मागाय आला. भला मानूस हाय, वाईट नाय बोलनार मी त्याला. बोलला, "मावशी, आता कशाला उघडता?"

"आठ दुपटी बाहेर हायत. सगळी पोचल्यापासून तीस दिस मोजायचे. अजून वीस राहिलेत."

"परत आली तर पैसे कोण देणार?"

"माज्याकडं हायत."

त्यानं कपाळाला हात लावला. मंग बोलला, "काकांचंच वेड लागलंय तुम्हाला," आनि चावी ठेवून गेला.

मी रोज शटर उघडून बसायची. ऑर्डर घेत नव्हते, मला कंपूटर कुठं येतो. ट्रंकेतून माजं निळं दुपटं तेवढं काढलं व्हतं. ते कशापायी परत आलेलं ते मला आजपन माहीत नाय, आनि आता सांगनारा पन कोन नाय. दिस मोजायला वाचता-लिहिता येत नाय म्हनून मी त्या दुपट्याच्या काठाला रोज एक टाका घालायची. कुरियरवाला गाडी रस्त्यावरच उभी करून आत डोकवायचा. मी त्याच्या हाताकडं बघायची, तोंडाकडं नाय. हात रिकामा दिसला का टाका घालायची.

शेवटच्या दिवशी तो आला. "मावशी, आज पन काय नाय."

"थांब जरा," मी बोलले आनि टाका घातला, गाठ मारली. गाठ टोचते का ते गालावर फिरवून बघितलं.

आठातलं एक पन परत आलं नाय. मी शटर खाली ओढलं.